पासवर्ड बरोबर आहे, फोटोही तोच दिसतोय, तरी आतला मजकूर निघत नाही: मग गडबड कुठे आहे?

हा प्रश्न मला इतक्या वेळा आलाय की आता एकदाच बसून सगळं लिहून ठेवते. दर वेळी साधारण असंच असतं: "ताई, फोटोत फाइल लपवली, माझ्या लॅपटॉपवर काढून बघितली, एकदम व्यवस्थित निघाली, मग मित्राला पाठवली तर त्याच्याकडे काही केल्या निघत नाही, पासवर्ड दहा वेळा तपासला." बरेच जण स्टेगहाइड हे फोटोत फाइल लपवणारं टूल वापरतात, आणि ते अशा वेळी 'या पासफ्रेजने काहीही डेटा काढता आला नाही' अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ दाखवतं. त्या ओळीत पासफ्रेज हा शब्द असल्यामुळे माणूस तास-दोन तास पासवर्डच्याच मागे लागतो, कॅपिटल करून बघ, स्पेस काढून बघ, असं चालू. पण पासवर्ड चुकला तरी तीच ओळ येते, फोटोत मुळात काही नसलं तरी तीच ओळ येते, आणि होतं पण वाटेत मोडलं तरी बहुतेक वेळा तीच. म्हणून त्या ओळीवरून पासवर्ड चुकलाय असं समजू नका. माझ्या अनुभवात पासवर्ड खरंच चुकलेला असतो तो फार थोड्या वेळा, बाकी सगळीकडे फाइलच बदललेली असते आणि कोणाला पत्ताच नसतो.

मला हे इतकं मनाला लागून राहिलंय त्याचं कारण घरातलं आहे. आजी गेल्यावर मी आणि भावाने तिच्या जात्यावरच्या ओव्या, तिने सांगितलेल्या होत्या तशा, टाइप करून ठेवल्या, आणि प्रत्येक ओवी आजीच्याच एकेका फोटोच्या आत घातली, म्हणजे फोटो जिथे जाईल तिथे तिचे शब्दही जातील. कल्पना आम्हा दोघांना फार आवडली होती. असे अकरा फोटो केले आणि हौसेने फॅमिली ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी सेव्ह केले, मावशीने एक प्रिंट काढून देव्हाऱ्याशेजारी लावला. वर्षभराने मामेबहिणीने ओवी काढायचा प्रयत्न केला तर काही नाही. दुसरा फोटो, काही नाही. अकराच्या अकरा फोटो सगळ्या नातेवाइकांच्या फोनमध्ये होते आणि एकातही ओवी नव्हती. चेहरा होता, शब्द गेले होते. त्यानंतर मी हा विषय नीट मुळापासून समजून घेतला, आणि खाली जे लिहितेय ते सगळं त्यातून आलेलं आहे.

तर पहिलं काम. पाठवणाऱ्याच्या मशीनवरची फाइल आणि मिळालेल्याच्या मशीनवरची फाइल यांचा आकार बाइटमध्ये बघा. केबी-एमबीमध्ये नाही, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन पूर्ण बाइटचा आकडा. एका बाइटचाही फरक असेल तर पासवर्ड बाजूला ठेवा, ती फाइल तुमची नाहीच. आकडा सारखा असेल तर दोन्हीकडे हॅश काढा, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या बाइटवरून निघणारा तिचा ठसा, शा-२५६ चा. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल आधीपासून असतं, लिनक्समध्ये शा-२५६-सम आहे, मॅकवर शासम. दोघांनी फोनवर एकमेकांना पहिली सहा-आठ अक्षरं वाचून दाखवली तरी पुरतं, कारण फाइलमध्ये एक बिट जरी इकडचा तिकडे झाला तरी हॅश पूर्ण वेगळा येतो. या तपासणीला दोन मिनिटं लागतात आणि अर्धं भांडण इथेच मिटतं. हॅश जुळला तर मग खुशाल पासवर्डकडे वळा, नाही जुळला तर वाटेत कोणीतरी फोटो पुन्हा बनवलाय.

वाटेत म्हणजे कुठे? सगळ्यात जास्त वेळा चॅट ॲपमध्ये. व्हॉट्सॲपवर फोटो 'फोटो' म्हणून पाठवला की तो लहान केला जातो आणि नव्याने जेपेग होतो, तुम्ही पीएनजी दिली तरी समोर जेपेगच पोचते. डेटा वाचावा, फोटो पटकन जावा यासाठी ते तसं केलेलं आहे आणि रोजच्या वापराला ते बरोबरच आहे, पण आपल्या कामाला ते मारक आहे. एचडीचं बटण दाबलं तरी फरक पडत नाही, एचडी म्हणजे कमी दाबलेला फोटो, जसाच्या तसा नाही. उपाय एकच: डॉक्युमेंट म्हणून पाठवा. डॉक्युमेंट जसंच्या तसं जातं, २ जीबीपर्यंत. टेलिग्रामवर हेच 'फाइल' म्हणून पाठवायचं. ईमेलला अटॅचमेंट केली तर बाइट जसेच्या तसे जातात, फक्त आयफोनच्या मेलमध्ये फोटो पाठवताना तो लहान, मध्यम, मोठा की मूळ आकार असं विचारतो, तिथे मूळ आकारच निवडायचा. ड्राइव्हवर फाइल अपलोड करून लिंक दिली तर चालतं, पण समोरच्याने ती डाउनलोड करायला हवी, उघडून स्क्रीनशॉट काढायचा नाही (हे मी दोनदा बघितलंय, लोक खरंच स्क्रीनशॉट काढतात). गूगल फोटोजमध्ये बॅकअप 'स्टोरेज सेव्हर' वर असेल तर तोही फोटो पुन्हा दाबतो, तिथे मूळ क्वालिटी निवडलेली हवी. फेसबुक, इन्स्टा, डीपी, स्टेटस हे सगळे रस्ते बंद समजा. आणि गॅलरीत नुसतं फिरवून सेव्ह केलं, थोडं क्रॉप केलं, उजेड वाढवला, तरी खेळ खल्लास, कारण सेव्ह म्हणजे बहुधा नव्याने जेपेग.

आता हे का होतं ते सांगते, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचे सगळे प्रश्न तुमचे तुम्हीच सोडवाल. सगळ्यात साधी पद्धत घ्या, एलएसबी, म्हणजे शेवटच्या बिटाची. फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात, ० ते २५५ मधले. समजा लाल २०० आहे, बायनरीत ११००१०००. शेवटचा ० काढून १ केला तर झाले २०१. २०० आणि २०१ मधला फरक कोणाच्याही डोळ्याला कळत नाही, आणि आपण एक बिट लपवला. असं प्रत्येक पिक्सेलमागे तीन बिट. १६०० बाय १२०० चा फोटो असेल तर १९,२०,००० पिक्सेल, म्हणजे ५७,६०,००० बिट, म्हणजे ७,२०,००० बाइट. एका मध्यम फोटोत अख्खं पुस्तक मावतं, आणि म्हणूनच ही पद्धत सगळ्यांना आवडते.

पण जेपेग काय करतं बघा. ते रंग आधी उजेड आणि रंगछटा असे वेगळे करतं, रंगछटा बहुतेक वेळा आडवी-उभी निम्मी करून टाकतं, म्हणजे शेजारच्या चार पिक्सेलना मिळून एकच छटा उरते, मग फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन करून प्रत्येक चौकोनाचं लहरींमध्ये रूपांतर करतं आणि ते आकडे एका तक्त्याने भागून पूर्णांकात आणतं. हा शेवटचा भागाकार आणि पूर्णांक करणं, तिथेच माहिती जाते. डोळ्याला जे दिसत नाही ते फेकून द्यायचं हेच जेपेगचं काम, आणि आपण डेटा ठेवलाय तो नेमका डोळ्याला न दिसणाऱ्या जागेत. २०१ चा परत उघडल्यावर १९८ होतो, कधी २०३, शेवटचा बिट म्हणजे छापा-काटा. कोणाला वाटतं थोडेफार बिट चुकले तर थोडंफार वाचता येईल. तसं होत नाही. शंभरातले फक्त पाच बिट चुकले असं धरा, तरी आठ बिटांचा एक बाइट शाबूत राहण्याची शक्यता साधारण दोन-तृतीयांशच उरते, आणि देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, तीन बाइटांचं असतं, म्हणजे चोवीसच्या चोवीस बिट वाचायला हवेत, तर दहातली सात चिन्हं मोडलेली निघतात. आणि वर एन्क्रिप्शन असेल तर एका चुकलेल्या बिटानेही आणखी बराच मजकूर बिघडू शकतो. आणि फोटो लहान केला असेल तर मग पिक्सेलच ते नाहीत, बोलायलाच नको.

इथे एक गैरसमज मला मुद्दाम खोडायचा आहे कारण तो इंजिनीअरिंगच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये वर्षानुवर्षं कॉपी होत आलाय: 'डीसीटी पद्धत (म्हणजे वर सांगितलेल्या त्या लहरींच्या आकड्यांत लपवणं) वापरली की कॉम्प्रेशनमध्ये डेटा टिकतो.' असं सरसकट नाही. स्टेगहाइड किंवा एफ-५ सारखी टूल्स जेपेगच्या त्या पूर्णांक केलेल्या आकड्यांतच डेटा ठेवतात, त्यामुळे जेपेग फाइल जशी आहे तशी राहिली तर डेटा सुखरूप. पण कोणी ती उघडून वेगळ्या तक्त्याने पुन्हा जेपेग केली की आकडे बदलले, डेटा गेला. कॉम्प्रेस झालेल्या फाइलमध्ये ठेवणं वेगळं आणि पुन्हा कॉम्प्रेस होऊन टिकणं वेगळं. टिकणाऱ्या पद्धती आहेत, वॉटरमार्कवाले त्या वापरतात, पण त्यात एकेक बिट मोठ्या ढांगेने आणि पुन्हा पुन्हा लिहावा लागतो, वर चूक-दुरुस्तीचे कोड, त्यामुळे पानभर मजकुराच्या जागी काही अक्षरंच मावतात. बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर 'आमचं व्हॉट्सॲपवरही चालतं' असं म्हणण्याआधी एकदा पाठवून बघा, कळकळीने सांगते. आमच्या बॅचच्या एका ग्रुपचा डेमो याच वाक्यावर बसला होता, सहा महिन्यांची मेहनत आणि शेवटच्या पाच मिनिटांत मुलांचे चेहरे उतरलेले, ते मला अजून आठवतं.

स्वतः पायथॉनमध्ये कोड लिहिणाऱ्यांसाठी वेगळं. तुमचा डेटा बहुधा पाठवायच्याही आधी मेलेला असतो. सगळ्यात कॉमन: बिट बदलले, आणि शेवटी सेव्ह करताना फाइलच्या नावापुढे जेपीजी लिहिलं. पिलोला (पायथॉनची फोटो उघडणारी-सेव्ह करणारी लायब्ररी) नावावरून फॉरमॅट कळतो, तो इमानदारीत जेपेग करून देतो, तुमचे बिट तिथेच गेले. पीएनजी किंवा बीएमपी, बस. आणि उलटं पण बघितलंय, जेपेग फाइलचं नुसतं नाव बदलून पीएनजी करतात आणि समजतात फॉरमॅट बदलला. नाव बदलून आत काही बदलत नाही. खात्री करायची तर फाइल हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे फाइलचे कच्चे बाइट दाखवणाऱ्या टूलमध्ये, उघडा, खऱ्या पीएनजीच्या अगदी सुरुवातीला पी, एन, जी ही तीन अक्षरं दिसतात. स्टेगहाइडवाल्यांना याचाच दुसरा त्रास होतो, ते पीएनजी घेतच नाही, फोटोंमध्ये फक्त जेपेग आणि बीएमपी. 'फॉरमॅट सपोर्टेड नाही' असं आलं तर टूल बिघडलेलं नाही. पीएनजीत लपवायचं तर ओपनस्टेगोसारखं दुसरं टूल घ्या, आणि ज्या टूलने लपवलं त्यानेच काढा, एकाचं दुसऱ्याला कळत नाही.

जुना ट्युटोरियल कोड नव्या नमपायवर (पायथॉनची आकडेमोडीची लायब्ररी) पडतोय हीसुद्धा हल्लीची तक्रार. त्यात शेवटचा बिट पुसायला एकच्या आधी टिल्ड (~ ही खूण) लावलेला असतो, त्याची किंमत होते उणे दोन, आणि २०२४ मध्ये आलेल्या नमपाय २.० पासून उणे दोन ही संख्या आठ बिटांच्या धन पूर्णांकात बसत नाही म्हणून ओव्हरफ्लोची एरर येते. टिल्ड एकच्या जागी सरळ २५४ लिहा, झालं. दुसरं, ओपनसीव्ही ही फोटो वाचणारी दुसरी लायब्ररी रंग निळा-हिरवा-लाल या क्रमाने वाचतं आणि पिलो लाल-हिरवा-निळा, त्यामुळे लपवणारा कोड एकात आणि काढणारा दुसऱ्यात असेल तर सगळे बिट उपलब्ध असूनही क्रम उलटा, हाती येतो कचरा. तिसरं, मजकूर कुठे संपला हे कळावं म्हणून शेवटी एक ठरावीक खूण टाकायची पद्धत आहे, साध्या इंग्रजी मजकुराला ती चालून जाते, पण एन्क्रिप्ट केलेल्या डेटात कुठलाही बाइट येऊ शकतो, ती खूण मध्येच कुठेतरी आपोआप तयार झाली की मजकूर अर्धाच निघतो. त्याऐवजी सुरुवातीच्या ३२ बिटांत लांबी लिहा आणि तेवढंच वाचा. अर्धा मजकूर येतोय, पहिला भाग बरोबर आहे, असं असेल तर आधी इथे बघा.

ब्राउझरमध्ये चालणारी जी टूल्स आहेत, फोटो टाका, मजकूर टाका, डाउनलोड करा, त्यांचं एक विचित्र प्रकरण आहे जे शोधायला मला दोन रात्री लागल्या. एकाच वेबपेजवर एकाच्या मशीनवर चालतंय आणि दुसऱ्याच्या नाही, हॅशसुद्धा जुळतोय. कारण ब्राउझर. ही टूल्स फोटो कॅनव्हासवर (वेबपेजमधल्या चित्र काढायच्या जागेवर) काढून रंगांचे आकडे वाचतात, आणि ब्रेव्ह, टॉर ब्राउझर, किंवा फिंगरप्रिंट-संरक्षण चालू केलेला फायरफॉक्स हे कॅनव्हासवरून वाचताना आकड्यांत मुद्दाम फेरफार करतात किंवा भलतंच काही परत देतात, कुठल्या साइटने तुम्हाला ओळखू नये म्हणून. हेतू चांगला आहे, पण एका आकड्याचा फेरफार म्हणजे आपला अख्खा डेटा गेला. त्या पेजपुरतं संरक्षण बंद करा किंवा दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. आणि पारदर्शक भाग असलेली पीएनजी या टूल्सना देऊ नका, कॅनव्हास रंगाला पारदर्शकतेने गुणून ठेवतो आणि वाचताना परत भागतो, त्यात शेवटचे बिट हरवतात. पूर्ण अपारदर्शक फोटो घ्या.

आता आपल्या भाषेचा भाग, आणि हा मला सगळ्यात जवळचा, कारण इंग्रजी ट्युटोरियलमध्ये तो कुठेच नसतो आणि मराठी माणूस मात्र नेमका तिथेच अडकतो. लपवताना 'नमस्कार' लिहिलं आणि काढल्यावर एक उघडता कंस, एक टिंब, इंग्रजी आठ, इंग्रजी एम, एक न दिसणारं चिन्ह, 'पेक्षा मोठे'ची खूण आणि शून्य असं काहीतरी आलं तर समजून जा: त्या टूलने प्रत्येक अक्षराचा फक्त एक बाइट घेतलाय. युनिकोडमध्ये 'न' चा हेक्स आकडा ०९२८ आहे, वरचा ०९ उडवला की उरतो २८, आणि २८ म्हणजे उघडता कंस. 'म' चं ०९२ई, त्यातलं टिंब उरतं. म्हणजे पुढचा ०९ सगळीकडे गेलाय. गंमत म्हणजे हा मजकूर परत आणता येतो, पूर्ण देवनागरी होता हे माहीत असेल तर प्रत्येकापुढे ०९ लावून परत अक्षरं करता येतात, फक्त स्पेस आणि विरामचिन्हं हाताने ठीक करावी लागतात. आमच्या तीन ओव्या अशाच परत मिळाल्या, लॅपटॉपवरच्या मूळ पीएनजींमधून. दुसरा प्रकार, मजकुराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए पुन्हा पुन्हा दिसतो. तिथे बाइट सगळे शाबूत आहेत, फक्त यूटीएफ-८ ऐवजी जुन्या पाश्चात्त्य एन्कोडिंगने उघडलेत. एडिटरमध्ये एन्कोडिंग बदला, लगेच मराठी दिसेल. हे दोन्ही टाळायचे असतील तर मजकूर थेट बॉक्समध्ये टाइप न करता टेक्स्ट फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा आणि ती फाइल लपवा.

जागेचा हिशेबही इथे बदलतो. 'नमस्कार' मध्ये युनिकोडची सात चिन्हं आहेत, काना आणि हलन्त धरून, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे २१ बाइट. कव्हर फाइल (ज्यात लपवायचं तो फोटो) लहान पडतेय अशी एरर आली तर इंग्रजीच्या हिशेबाने फोटो निवडला असणार. स्टेगहाइडला इन्फो विचारलं की त्या फोटोत किती मावतं ते सांगतं. आभाळ, भिंत, असा सपाट फोटो असेल तर जेपेगमध्ये फार कमी मावतं, झाडं, गर्दी, नऊवारीचं जरीकाम असलं की बरंच.

आणि मग हॅश जुळतो, टूल तेच, तरी निघत नाही, तेव्हा पासवर्ड. इथे खास मराठी सापळा आहे. आम्ही एका फोटोचा पासवर्ड ठेवला होता, त्यात 'दऱ्या' हा शब्द होता. मी एका कीबोर्डवर टाइप केला, भावाने दुसऱ्या, दोघांच्या स्क्रीनवर हुबेहूब एकच शब्द. पण हा अर्धा 'र' दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एकात नुक्त्याचा ऱ, हलन्त आणि य, दुसऱ्यात साधा र, हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह, मग य. पहिला शब्द १५ बाइटचा, दुसरा १८ बाइटचा. डोळ्याला एक, कॉम्प्युटरला दोन वेगळे पासवर्ड. 'ॲ' चं तेच, त्याला स्वतंत्र जागा युनिकोडमध्ये २००८ साली मिळाली, त्याआधीच्या पद्धतीने अ वर चंद्र देऊन लिहिणारे कीबोर्ड आणि सवयी अजून आहेत. वर विंडोजचं कन्सोल देवनागरी पासवर्ड टूलला वेगळ्याच बाइटमध्ये देऊ शकतं. मला मराठीत पासवर्ड ठेवायला मनापासून आवडलं असतं, पण इथे तो आग्रह सोडा, इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांचा लांब पासवर्ड ठेवा. जुना फोटो अडला असेल तर तोच शब्द दोन्ही तऱ्हांनी टाइप करून बघा, शेवटी चिकटलेली स्पेस काढून बघा, आणि एकदा पासवर्ड रिकामा ठेवूनही बघा, लपवताना नुसतं एंटर दाबलं गेलं असेल तर रिकामा पासवर्डच लागू झालेला असतो.

लांब पासवर्ड म्हणतेय त्याला कारण आहे. लपवलं म्हणजे कुलूप लागलं असं नाही. स्टेगहाइडची शेवटची आवृत्ती, ०.५.१, २००३ ची आहे. नंतर स्टेगसीक नावाचं टूल आलं, ते रॉकयू नावाच्या गळालेल्या यादीतले सुमारे १.४ कोटी पासवर्ड दोन-एक सेकंदात लावून बघतं, आणि पासवर्ड न कळताही आत काहीतरी आहे हे सांगू शकतं, कारण कुठे-कुठे लपवायचं ते ज्या आकड्यावरून ठरतं ते स्टेगहाइडचं बीज फक्त ३२ बिटांचं आहे. म्हणून खरंच खासगी काही असेल तर आधी ती फाइल चांगल्या टूलने एन्क्रिप्ट करा आणि मग फोटोत घाला, आणि पासवर्ड त्याच चॅटमध्ये खाली लिहू नका. २०१० मध्ये अमेरिकेत रशियाचे हस्तक पकडले गेले, ते सार्वजनिक वेबसाइटवरच्या फोटोंमध्ये निरोप ठेवायचे, त्यांचा २७ अक्षरांचा पासवर्ड झडतीत एका कागदावर लिहिलेला सापडला होता. इतका लांब पासवर्ड आणि तो कागदावर! फोटोही स्वतः काढलेला वापरा, नेटवरून घेतलेला नको, मूळ फोटो कोणाकडेही असेल तर दोन्ही शेजारी ठेवून फरक काढणं पोरखेळ आहे. फक्त स्टेगहाइडमध्ये आउटपुट फाइलचं नाव द्यायला विसरू नका, नाहीतर ते मूळ फोटोवरच लिहितं.

काही जण फोटोच्या शेवटी झिप चिकटवतात किंवा मेटाडेटाच्या कमेंटमध्ये लिहितात. सोपं आहे, पण बिनवॉक आणि एक्झिफटूल ही फाइल तपासायची टूल्स ते क्षणात दाखवतात आणि फोटो म्हणून पाठवला की तेही पुसलं जातं. फार बोलण्यासारखं नाही त्यात.

सगळ्यात अवघड प्रश्न लोक शेवटी विचारतात: ग्रुपवरून आलेल्या फोटोतून आता काही परत मिळेल का? नाही मिळत. ते बिट त्या फाइलमध्ये उरलेलेच नाहीत, कुठलंही रिकव्हरी टूल, कुठलाही पैसे मागणारा माणूस ते आणू शकत नाही, कृपा करून पैसे देऊ नका. शोधायची ती मूळ फाइल. ज्या लॅपटॉपवर लपवली त्याचं आउटपुट फोल्डर, मेलचं सेंट, ड्राइव्हचं ट्रॅश (३० दिवसांच्या आत असाल तर), जुने पेन ड्राइव्ह. फोनमधल्या चॅटच्या 'सेंट' फोल्डरवर विसंबू नका, तिथे बहुधा दाबलेलीच प्रत असते.

आणि लपवणं हा हेतूच नसेल, नुसते शब्द फोटोबरोबर राहावेत एवढंच हवं असेल, जसं आमचं होतं, तर फोटोच्या कोपऱ्यात क्यूआर कोड छापा. सगळ्यात वरच्या, एच पातळीला तो साधारण ३० टक्के खराब झाला तरी वाचता येतो, त्यात जास्तीत जास्त १,२७३ बाइट मावतात, म्हणजे देवनागरीची चारशेवर चिन्हं. ओवीला खूप झालं. फक्त ग्रुपवर पाठवायचा असेल तर कोड छोटा करू नका, मोठा आणि स्पष्ट ठेवा. मावशीच्या देव्हाऱ्याशेजारी आता तसाच नवा प्रिंट आहे, मोबाइल धरला की ओवी दिसते.

आमच्या अकरापैकी सहा ओव्या माझ्या पेन ड्राइव्हवरच्या मूळ फाइलींमधून निघाल्या, तीन त्या ०९ लावून. दोन राहिल्यात. भावाच्या जुन्या फोनचं मेमरी कार्ड टोरांटोला त्याच्या ड्रॉवरमध्ये आहे, दिवाळीला येताना तो घेऊन येणार आहे.